औषधासाठी हजारो रेणू एकदम तपासणाऱ्या सर्व्हिसकडे स्क्रीनिंगला देण्याआधी एवढं बघ
लाखभर कंपाउंडची (रेणूंची) लायब्ररी बघून हुरळून जाऊ नकोस, आधी तुझा अ‍ॅसे (रेणूचा परिणाम मोजणारी चाचणी) ३८४ वेलच्या (बारीक खळग्यांच्या) प्लेटमध्ये टिकतो का ते बघ, ट्यूबमध्ये छान चाललेलं तिथे बऱ्याचदा गंडतं. झेड-प्राइम (चाचणी किती भरवशाची याचा आकडा) ०.५ च्या वर यायला हवं, तेही वेगवेगळ्या दिवशी, एकदाच आलं तर योगायोग समज. डीएमएसओ (रेणू ज्यात विरघळवतात ते द्रावक) किती सहन होतं तेही तपास (माझं पहिलं स्क्रीन यातच वाया गेलं, सेल्सच मेल्या!). कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, सगळे कंट्रोल (तुलनेचे नमुने) तिथेच ठेवू नकोस. आणि हिट (चाचणीत परिणाम दाखवणारा रेणू) म्हणजे औषध नव्हे रे, बरेचसे नुसते स्वतःच चमकणारे नाहीतर गुठळ्या करणारे रेणू निघतात, म्हणून काउंटर-स्क्रीन (असे खोटे हिट गाळणारी चाचणी) आणि ताज्या पावडरवरून डोस-रिस्पॉन्स (मात्रा बदलून परिणाम मोजणं) कोटेशनमध्ये धरलंय का ते सर्व्हिसवाल्यांना आधीच विचार.