तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं: लहान मुलांचे मृत्यू आणि जवळचा दवाखाना

प्रश्न: डॉक्टर, मोठी हॉस्पिटलं बांधायचं सोडून तुम्ही लोक सारखं प्राथमिक आरोग्य सेवा, प्राथमिक आरोग्य सेवा काय लावून धरता? मुलांचे मृत्यू थांबवायचे तर आयसीयू पाहिजे, व्हेंटिलेटर पाहिजे. नुसतं वजन करून आणि डोस पाजून काय होणार?

उत्तर: रागाने विचारलंय पण प्रश्न रास्त आहे. आधी मुलं कशाने जातात ते बघा. 2022 साली जगभरात पाच वर्षांखालची साधारण 49 लाख मुलं गेली, त्यातली 23 लाख म्हणजे जवळजवळ निम्मी तर जन्मल्यापासून पहिल्या महिन्यातच. कारणं काय, तर दिवस पूर्ण व्हायच्या आत जन्म, जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग, निमोनिया, जुलाब, मलेरिया. आणि जवळपास निम्म्या मृत्यूंच्या मागे कुपोषण असतं, जे कारण म्हणून कागदावर सहसा येतच नाही. आता यातला निमोनियाचा पेशंट घ्या. आयसीयूच्या दारात येतो तोवर तो दोन-तीन दिवस घरीच धापा टाकत असतो, पहिल्या दिवशी कुणीतरी त्याचा श्वास मोजला असता तर तोंडाने घ्यायच्या अमॉक्सिसिलिन या जंतुनाशक औषधावर बहुतेक वेळा काम भागलं असतं. श्वास मोजायला लागतं काय, तर सेकंदकाटा आणि पूर्ण एक मिनिटाचा धीर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास भरले तर ती धाप समजायची. मूल शांत असताना मोजा मात्र, रडताना मोजलेला आकडा कामाचा नाही.

गडचिरोलीचं उदाहरण तर आपल्याकडचंच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाचं वजन कसं करायचं, ताप कसा बघायचा, गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या जंतुनाशकाचं इंजेक्शन कसं द्यायचं. हो, इंजेक्शन, आणि ते ऐकून तेव्हा भले भले डॉक्टर दचकले असतील. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. त्या गावांत कुणी आयसीयू बांधला नव्हता.

म्हणून आयसीयू नको असं नाही हं. बाळ आडवं आलं, आईला झटके आले, तर सिझेरियन करणारं हॉस्पिटलच लागतं आणि तिथे तासातासाचा हिशोब असतो. पण तिथे कुणाला, किती घाईने पाठवायचं हे ठरवणारं माणूस घराजवळच असायला लागतं. ते नसलं की मोठ्या हॉस्पिटलात फक्त उशिरा आलेली मुलं जमतात.

प्रश्न: मुलाला जुलाब झाले की आम्ही थेट सलाईन लावून घेतो, पटकन तरतरी येते. ओआरएसने, म्हणजे पाकिटातल्या मीठ-साखरेच्या पाण्याने, जुलाब थांबत नाहीत असा आमचा अनुभव, मग द्यायचं कशाला?

उत्तर: अनुभव बरोबर आहे, ओआरएस जुलाब थांबवायला नसतंच. जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे, ओआरएस ते भरून काढतं आणि जुलाब आपले आपण बहुतेक वेळा काही दिवसांत थांबतात. गंमत अशी की आतड्याला जुलाबात नुसतं पाणी नीट शोषता येत नाही, पण ग्लुकोज आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र आलं की दोन्ही आत घेतली जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. 1971 च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी पिंपात हे पाणी कालवून नातेवाइकांच्या हातात मग दिले आणि पाजत राहा म्हणून सांगितलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे डॉक्टर नव्हते, नर्स नव्हत्या, आईबाप नि भाऊबहिणी होत्या!

तेव्हा घरी काय करायचं ते सांगतो. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घ्यायचं, अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकायचं नाही, कारण जास्त घट्ट झालं तर उलट त्रास होतो. केलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्यायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, त्यापुढच्याला 100 ते 200, तेही चमच्याने किंवा घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू, फक्त अजून सावकाश. सोबत झिंक, सहा महिन्यांच्या पुढे रोज 20 मिलिग्रॅम, त्याखाली 10, आणि जुलाब थांबले तरी 10 ते 14 दिवस द्यायचंच (इथेच सगळे मधेच सोडतात). अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, काही पीतच नाही किंवा प्यालेलं सगळं उलटतंय, शीमध्ये रक्त दिसलं, तर मात्र लगेच दवाखान्यात न्या, तिथे सलाईन लागलं तर ते बरोबरच आहे.

प्रश्न: गोवर आता कुठे दिसतो? लस घ्यायलाच हवी का?

उत्तर: हवीच. दिसत नाही तो लसीमुळेच. गोवराने नुसतं पुरळ येत नाही, आधीच्या आजारांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीसुद्धा बरीच पुसली जाते आणि मग मूल निमोनियाने किंवा जुलाबाने जातं. 1974 पासूनच्या 50 वर्षांत लसींनी जगभरात 15 कोटी 40 लाख जीव वाचवल्याचा अंदाज आहे, त्यातले सुमारे 60 टक्के एकट्या गोवराच्या लसीने. दोन्ही डोस पूर्ण करा.

प्रश्न: डॉक्टर, माझा नातू 1900 ग्रॅमचा जन्मला. चार दिवसांनी घरी आणलाय, दूध ओढतो. सगळे म्हणतात अशा बाळाला काचेच्या पेटीतच ठेवायला हवं होतं. सूनबाई फार घाबरली आहे.

उत्तर: आजी, बाळ दूध ओढतंय ही निम्म्याहून जास्त चांगली बातमी आहे. सूनबाईंच्या उघड्या छातीवर त्याला उभं बांधा, अंगाला अंग लागेल असं, डोक्यात टोपी, वरून कपडा, आणि जमेल तितके तास तसंच ठेवा. याला कांगारू पद्धत म्हणतात, 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडायला लागल्या म्हणून हे सुरू झालं आणि पुढे असं दिसलं की ही काही गरिबाघरची तडजोड नाही, लहान बाळं याने खरोखर जास्त वाचतात. सूनबाई थकल्या की तुम्ही घ्या किंवा मुलाला घ्यायला लावा, बापाची छातीसुद्धा तितकीच गरम असते. अंघोळीची घाई नको, नाळेला काहीही लावू नका, अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, मधाचं बोटसुद्धा नको. आरोग्यसेविका वजन करायला येईल तेव्हा आकडा विचारून लिहून ठेवा. बाळाने दूध सोडलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, धाप लागली, निपचित पडलं, नाळेभोवती लाली पसरली, यातलं एक जरी झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्र असली तर रात्रीच निघा. आणि सूनबाईंना जेवायला घाला, घाबरलेल्या बाईला वेळेवर जेवायचंही सुचत नाही.

प्रश्न: हे सगळं ऐकायला छान, पण आमच्या जवळच्या केंद्राला कुलूप असतं आणि उघडलं तरी औषध नसतं. मग काय करायचं?

उत्तर: तुमचं खरं आहे आणि याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. 1978 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात 134 देशांनी एकत्र येऊन 2000 सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य असं जाहीर केलं, त्यात लोकांचा सहभाग हा मोठा भाग होता. पुढे खर्चाचं कारण सांगून लस, ओआरएस, स्तनपान, वजन अशा मोजक्या गोष्टींवर भर दिला गेला. त्यानेही पुष्कळ मुलं वाचली, 1990 मध्ये वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास मुलं जात होती ती 49 लाखांवर आली, पण केंद्र रोज उघडं ठेवणं, माणसाला वेळेवर पगार, साठा संपायच्या आधी मागणी, हे कंटाळवाणं काम बऱ्याच ठिकाणी मागेच राहिलं. लसीकरणाच्या दिवशी सगळे हजर आणि एरवी कुलूप, असं होतं ते त्यातूनच.

ग्रामसभेत किंवा जिथे तुमचं ऐकतील तिथे 'सुविधा द्या' असं मोघम मागू नका, ते कुणीही मान्य करून विसरतं. नेमकं विचारा: अमॉक्सिसिलिनच्या मुलांसाठीच्या विरघळणाऱ्या गोळ्या आहेत का, ओआरएस आणि झिंकचा साठा किती दिवसांचा उरलाय, ऑक्सिजन मोजायचं मशीन चालू आहे का, लसींचा फ्रिज वीज गेल्यावर कसा चालतो, रात्री गाडीसाठी कुठला नंबर लावायचा आणि तो कोण उचलतं. उत्तरं लिहून मागा, तारीख टाकून. आणि पुढच्या महिन्यात तेच प्रश्न घेऊन परत जा.