आधी आघातलहर काढून टाक

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सिम्युलेशनचा आलेख काल रात्री पाहिला. आघातलहरीपाशी, म्हणजे प्लाझ्मातून (सुट्या विद्युतभारित कणांच्या वायूतून) अतिवेगाने सरकणाऱ्या दाबाच्या भिंतीपाशी, काही प्रोटॉन भराभर ऊर्जा मिळवताना दिसतात. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे प्रचंड ऊर्जेचे कण, जन्मताना सापडले, असं तुला वाटतंय. मलाही वाटलं होतं. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी तीन महिने मी त्या आनंदात होतो. मग कळलं, माझा प्लाझ्मा आघाताशिवायच तापत होता. सिम्युलेशनची जागा ज्या चौकोनांत वाटतात, त्या ग्रिडचा चौकोन मी डिबाय लांबीपेक्षा, म्हणजे प्लाझ्मात एका भाराचा परिणाम जिथवर पोचतो त्या अंतरापेक्षा, कितीतरी मोठा ठेवला होता.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलीस, तुला हे लवकर पटेल. चादरीवरचं फूल सुतापेक्षा बारीक निघत नाही. सिम्युलेशनला मात्र नाही म्हणता येत नाही. ग्रिडमध्ये न मावणारी हालचाल ते भलत्याच रूपात दाखवतं आणि त्यातून खोटी उष्णता साठत जाते. म्हणून आधी आघातलहर काढून टाक. नुसता शांत, एकसारखा प्लाझ्मा काळाची तितकीच पावलं चालव. तो तापला, तर आधीच्या आलेखातलं काहीही खरं धरू नकोस.

मग लहर परत आण आणि तिच्यामागची घनता मोज. एकाणू (सुट्या अणूंच्या) वायूत जोरदार आघातामागे ती लहरीपुढच्या घनतेच्या चौपटीजवळ जाते. कणांची हालचाल एकाच प्रतलात कोंडलेली असेल तर तिप्पट. तिथे चारचा हट्ट धरू नकोस.

वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती कण, हे सगळ्यात शेवटी. हलत्या चुंबकीय ढगांवर आपटून कण ऊर्जा मिळवतात, या भौतिकशास्त्रज्ञ फर्मीने 1949 मध्ये मांडलेल्या कल्पनेला 1977-78 मध्ये काही संशोधकांनी वेगवेगळं काम करून आघातलहरीशी जोडलं. चुंबकीय खळबळीमुळे कण धोट्यासारखा लहरीच्या इकडून तिकडे फिरतो आणि प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा घेतो. चौपट घनता असेल तर कणांचं वितरण संवेगाच्या उणे चौथ्या घाताने उतरतं. पण त्यासाठी खूप फेऱ्या लागतात, आणि तू चालवलेलं सिम्युलेशन अजून फार छोटं आहे. ही घाई मला खरंच काळजीची वाटते.

प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड असतो, तू 100 पट धरलास. संगणकाचा वेळ वाचवायला बरेच जण असं करतात, पण लेखात ते ठळक लिही.

गड्ड्याच्या जत्रेला घरी येशील तेव्हा शांत प्लाझ्माचा डेटा घेऊन ये. ऊर्जेची बेरीज दोघं मिळून तपासू.

तुझा,
सर