महाराजबागेत पोट्टे नेता? आधी हे वाचा

भाऊ, पहिल्यांदाच गावातले पोट्टे घेऊन नागपूरच्या महाराजबागेत जात असाल तर सोमवार सोडा, प्राणिसंग्रहालय बंद असतं. गणेशपेठ स्टँडवर उतरा, तिथून सीताबर्डीकडे ऑटो करा. फाटक उघडताच आधी पिंजरे. दुपारी बिबट्या पाठ करून झोपतो, मग पोट्टे जाळीवर खडे मारतात. त्यानंतर झाडाखाली शिदोरी, झोके-घसरगुंडी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की झोक्यावरून कोणी हलतच नाही! उन्हाळ्यात घसरगुंडीचा पत्रा असा तापतो की मांडी भाजते. आधी हात लावून पाहा. माणशी दीड लिटर पाणी, डोक्याला दुपट्टा. माकडं दिसली तर मुरमुऱ्याची पिशवी झोळ्यातच ठेवा.