एकाच लाइनवर प्रत्येक गाडी वेगळी कशी?

प्रश्न : माझा मुलगा चाकण परिसरातील एका मोटार कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे. तो सांगतो की लाइनवर पांढऱ्या गाडीमागून लाल गाडी येते, एकीला सनरूफ असते तर दुसरीला नसते, मधूनच डावीकडे स्टिअरिंग असलेली निर्यातीची गाडीही येते, आणि तरीही लाइन थांबत नाही. कोणत्या गाडीत काय बसवायचे हे कामगाराला कळते कसे, आणि एवढे सुटे भाग लाइनशेजारी मावतात तरी कसे?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे निरीक्षण नेमके आहे. हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये चालती लाइन सुरू झाली आणि एका चॅसिसच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) जुळणीला लागणारा सुमारे साडेबारा तासांचा वेळ काही महिन्यांतच दीड तासाच्या आसपास आला. परंतु ही किमया सगळ्या गाड्या सारख्या असण्यावर अवलंबून होती, आणि १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी ही गाडी काळ्या रंगाखेरीज मिळत नव्हती. आजच्या लाइनने वेग राखला आणि सारखेपणाची अट मात्र सोडून दिली. हे सारे यंत्रमानवांमुळे जमले असा सर्वसाधारण समज आहे, पण यंत्रमानवांचा भरणा बॉडी शॉप (पत्रे वेल्ड करून सांगाडा बनवण्याचा विभाग) आणि पेंट शॉप (रंगकामाचा विभाग) यांमध्ये असतो. अंतिम जुळणीचे बहुतांश काम आजही माणसांच्या हातांनीच होते. खरी करामत आहे ती क्रम लावण्याची. कोणत्या गाडीमागे कोणती गाडी येणार हे आधी ठरते आणि गाडी स्टेशनवर, म्हणजे लाइनवरील कामाच्या एका टप्प्यावर, पोहोचण्यापूर्वीच तिची माहिती तेथे पोहोचलेली असते.

ऑर्डर कारखान्याच्या संगणकात शिरली की तिला एक क्रमांक मिळतो. बॉडी शॉपमध्ये तळाचे पत्रे वेल्डिंगसाठी मांडले गेले की तो क्रमांक बारकोडच्या किंवा रेडिओ टॅगच्या रूपाने त्या सांगाड्याशी जोडला जातो आणि गाडी गेटबाहेर पडेपर्यंत तिची सोबत सोडत नाही. ग्राहकाच्या निवडीचा पहिला परिणाम येथेच दिसतो. सनरूफ हवे असेल तर छताचा पत्राच वेगळा लागतो; स्टिअरिंग डावीकडे येणार की उजवीकडे, हे इंजिन आणि प्रवाशांची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरील भोकांवरून ठरून जाते. म्हणजे जो फरक आपल्या चिरंजीवांना ट्रिम लाइनवर (रंगवलेल्या बॉडीत आतले भाग बसवण्याच्या लाइनवर) दिसतो, तो दोन शॉप आधीच पत्र्यात उतरलेला असतो.

त्यानंतर येते पेंट शॉप, आणि तेथे पहिला पेच पडतो. पांढऱ्यानंतर लाल रंग मारायचा तर फवारणीच्या नळ्या सॉल्व्हंटने धुवाव्या लागतात, थोडा रंग वाया जातो आणि वेळही जातो, म्हणून पेंट शॉपला एका रंगाच्या गाड्या सलग हव्या असतात. जुळणी विभागाची मागणी नेमकी उलट असते : जास्त कामाच्या गाड्या सलग नकोत, त्या विखरून यायला हव्यात. या दोघांचे भांडण मिटवण्यासाठी मध्ये रंगवलेल्या बॉड्यांचे एक कोठार ठेवलेले असते. बॉड्या तेथे रंगाच्या क्रमाने आत येतात आणि जुळणीच्या क्रमाने बाहेर पडतात. हा क्रम लावणे गणिताच्या दृष्टीने इतके कठीण आहे की २००५ मध्ये रेनो कंपनीने फ्रान्समधील एका संशोधन स्पर्धेसाठी हाच प्रश्न दिला होता : रंगबदल कमीत कमी व्हावेत आणि जुळणी विभागाची बंधनेही पाळली जावीत, असा क्रम शोधून दाखवा.

ही बंधने कशी असतात, ते एका काल्पनिक स्टेशनच्या हिशेबाने पाहू. साडेसात तासांच्या शिफ्टमध्ये ४५० गाड्या काढायच्या असतील, तर प्रत्येक स्टेशनला दर गाडीमागे बरोबर ६० सेकंद मिळतात. समजा, छताच्या स्टेशनवर साध्या गाडीला ५० सेकंद लागतात आणि सनरूफवालीला ७५. सनरूफची एक गाडी आली की कामगार १५ सेकंदांनी मागे पडतो आणि गाडीबरोबर चालत चालत शेजारच्या स्टेशनच्या हद्दीत जातो. लागोपाठ दुसरी आली तर ३० सेकंदांनी, आणि तिसरी आली तर लाइन थांबवण्याची दोरी ओढण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. साधी गाडी आली की त्याला १० सेकंद परत मिळतात. म्हणून नियम असा निघतो : सलग कोणत्याही पाच गाड्यांत सनरूफच्या गाड्या दोनपेक्षा जास्त नकोत. दोन गाड्यांचे ३० सेकंद उरलेल्या तीन गाड्या भरून काढतात आणि सरासरी बरोबर ६० वर येते. असाच नियम मोठ्या इंजिनासाठी, चारही चाकांना ताकद देणाऱ्या ड्राइव्हसाठी, टो हुकसाठी (मागे ट्रेलर जोडण्याच्या आकड्यासाठी) वेगवेगळा असतो, आणि एकच क्रम या सर्व नियमांत एकाच वेळी बसवावा लागतो. सणासुदीला सगळ्यांनाच सनरूफ हवे झाले, तर जागा आणि माणसे वाढवल्याशिवाय इलाज नसतो.

आता कामगाराकडे वळू. चांगल्या कारखान्यात त्याच्यावर निवड करण्याची वेळच येऊ दिली जात नाही. गाडी स्टेशनमध्ये शिरताच टॅग वाचला जातो, योग्य खणावर दिवा लागतो, आणि कामगाराने त्याच खणातील भाग उचलायचा असतो. महत्त्वाच्या भागाचा बारकोड स्कॅन करावा लागतो व तो त्या गाडीच्या ऑर्डरशी जुळला नाही तर बोल्ट आवळणारे यंत्र चालूच होत नाही. कोणता बोल्ट किती आवळायचा हेही यंत्राला ऑर्डरवरूनच कळते. टोयोटाने याच्याही पुढे जाऊन भाग निवडण्याचे काम लाइनवरून काढूनच टाकले : एका गाडीचे भाग दुसरीकडे एका पेटीत जमवले जातात आणि ती पेटी गाडीसोबत पुढे सरकते, त्यामुळे कामगाराच्या पाठीमागे रॅकची रांग उभी करावी लागत नाही. दारांची व्यवस्था तर खास पाहण्यासारखी असते. रंग तंतोतंत जुळावा म्हणून दारे बॉडीवरच रंगवली जातात, जुळणीच्या सुरुवातीला ती काढून वेगळ्या लाइनवर काच, स्पीकर आणि वायरिंग बसवण्यासाठी पाठवली जातात, आणि शेवटाकडे तेच दार त्याच गाडीला परत लावले जाते.

जागेच्या प्रश्नाचे उत्तर असे की मोठे भाग लाइनशेजारी साठवलेच जात नाहीत. रंगवलेली बॉडी ट्रिम लाइनवर चढली की सीटच्या पुरवठादाराला संदेश जातो. सीट बऱ्याच उशिरा बसवल्या जात असल्याने त्याच्या हातात काही तास असतात. तेवढ्यात तो त्या गाडीसाठी त्याच कापडाच्या सीट तयार करतो आणि जी सीट आधी उतरायची ती ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढवतो. असे पुरवठादार कारखान्याच्या आसपास वसलेले असतात, ते याच कारणासाठी. वायरिंग हार्नेसची, म्हणजे गाडीभर पसरणाऱ्या विजेच्या तारांच्या जुडग्याची, गोष्ट याहून नाजूक आहे. जर्मन कंपन्यांच्या पुष्कळ गाड्यांत हार्नेस ग्राहकाच्या ऑर्डरप्रमाणेच बनवला जातो, त्यात जवळपास सर्व काम हाताने होते, आणि तो लवकर बसवावा लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर पश्चिम युक्रेनमधील हार्नेसचे कारखाने विस्कळीत झाले आणि फोक्सवॅगन व बीएमडब्ल्यू या कंपन्यांना जर्मनीतील मोठे कारखाने काही काळ थांबवावे लागले. गोदामात हार्नेस साठवून ठेवता आले असते असे वाटेल, पण जो हार्नेस एकाच गाडीसाठी आहे त्याचा साठा करणार कसा?

अशा लाइनचे सर्वांत धाडसी उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यूचा म्युनिक येथील कारखाना. २०२१ मध्ये तेथे आय-४ ही विजेवर चालणारी गाडी पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड गाड्यांच्याच लाइनवर सुरू झाली. बॉडी आणि खालचा ड्राइव्ह (गाडी पळवणारी यंत्रणा) एकत्र येतात त्या स्टेशनवर एका गाडीला इंजिन येई, तर पुढच्या गाडीला बॅटरी. मात्र २०२७ च्या अखेरीपासून म्युनिकमध्ये फक्त विजेच्याच गाड्या बनतील, असे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. सर्व प्रकार एका लाइनवर घेण्याची किंमत प्रत्येक स्टेशनवर मोजावी लागते, आणि मागणी एका बाजूला झुकू लागली की ती परवडेनाशी होते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

प्रश्न : लाइन इतकी लवचीक असेल, तर आपल्याकडे ग्राहकाला एक-एक वस्तू निवडता का येत नाही? मला सनरूफ नको, पण मागचा कॅमेरा हवा; विक्रेता म्हणतो, त्यासाठी टॉप व्हेरिएंटच घ्यावे लागेल.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : हिशेब मांडून पाहा. फक्त २० वस्तू ‘हवी किंवा नको’ अशा ठेवल्या तरी गाडीचे १०,४८,५७६ प्रकार होतात. लाइन ते पेलू शकते, पण पुरवठादार, विक्रेत्याचे यार्ड आणि सुट्या भागांचे गोदाम यांना ते पेलत नाही. जर्मनीत बरेच ग्राहक ऑर्डर देऊन काही महिने थांबण्यास तयार असतात, म्हणून तेथे एक-एक वस्तू निवडता येते. आपल्याकडे दसरा किंवा गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर गाडी दारात हवी असते. त्यासाठी कंपनी मागणीचा अंदाज बांधून आधीच गाड्या बनवते, आणि अंदाज बांधायचा तर प्रकार मोजकेच असावे लागतात. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात एकाच सामाईक प्लॅटफॉर्मवर (गाडीच्या पायाभूत रचनेवर) कुशाक, टायगुन, स्लाव्हिया आणि व्हर्टस अशा वेगवेगळ्या गाड्या तयार होतात आणि पूर्वी तेथूनच डावीकडे स्टिअरिंग असलेल्या व्हेंटो मेक्सिकोला जात; म्हणजे विविधता हाताळण्याचे कौशल्य आपल्याकडे नाही, असे म्हणता येणार नाही. कॅमेऱ्याला सनरूफशी बांधून ठेवण्यात विक्रीचे गणितही आहे, हे आपण ओळखलेच असेल.

अलीकडे एक तिसरा मार्ग निघाला आहे : वस्तू सगळ्याच गाड्यांत बसवायची आणि सॉफ्टवेअरने ज्याने पैसे भरले त्याच्यासाठीच ती सुरू करायची. लाइनच्या दृष्टीने हे फार सोयीचे आहे, कारण एक प्रकार कमी होतो. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी मासिक वर्गणी मागून पाहिली. ग्राहक संतापले आणि २०२३ मध्ये कंपनीने ती योजना सोडून दिली. गाडीत बसवलेल्या सीटचे पैसे दरमहा पुन्हा मागितल्यावर ग्राहक चिडले, तर त्यांचे काय चुकले?

प्रश्न : बुकिंग केल्यानंतर रंग बदलून मिळू शकतो का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : मिळू शकतो, पण तो अर्ध्या वाटेवरच्या गाडीचा रंग बदलून नव्हे. बीएमडब्ल्यूसारखी कंपनी स्वतःच्या ऑर्डरवर बनणाऱ्या गाडीत जुळणीच्या सुमारे सहा दिवस आधीपर्यंत बदल स्वीकारते, कारण तोवर ती ऑर्डर एखाद्या ठरावीक बॉडीला जोडलेली नसते. आपल्याकडे बहुधा तयार गाडीच आपल्या नावे केली जाते, त्यामुळे रंग बदलणे म्हणजे दुसऱ्या गाडीच्या रांगेत उभे राहणे. म्हणून विक्रेत्याला प्रथम एवढेच विचारावे की आपल्या बुकिंगला चॅसिस क्रमांक मिळाला आहे का. मिळाला नसेल तर रंग बदलण्याची विनंती त्याच दिवशी लेखी द्यावी. मिळाला असेल तर नव्या रंगाची गाडी किती दिवसांनी येईल आणि दरम्यान किंमत वाढल्यास कोणता दर लागू होईल, हे दोन्ही लिहून घेतल्याशिवाय जुनी गाडी सोडू नये.