नाव बदलण्याआधी एवढं बघा

नाव आवडेनासं झालं, एवढ्यावरून सॉफ्टवेअर प्रकल्पाचं नाव बदलू नका. नावाबरोबर पॅकेज (इतरांनी उतरवून वापरायचा कोडचा गठ्ठा), इम्पोर्टच्या ओळी (तो कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये घेणाऱ्या), डॉक्युमेंटेशन, लोकांनी जपलेल्या लिंका असं सगळंच हलतं, आणि त्याचा त्रास तुमच्यापेक्षा वापरणाऱ्यांना जास्त होतो.

ट्रेडमार्कची अडचण असेल तर मात्र चालढकल नको. फायरफॉक्स या ब्राउझरचं पहिलं नाव फिनिक्स. ट्रेडमार्कमुळे ते २००३ मध्ये फायरबर्ड केलं, तर त्या नावाचा डेटाबेस आधीच होता! अखेर २००४ मध्ये फायरफॉक्स ठरलं. म्हणून पॅकेज रजिस्ट्री (पॅकेजं जिथे नावानिशी ठेवली जातात ती जागा), डोमेन, ट्रेडमार्क, सगळं आधीच तपासा. नेटवर्कवरची वाहतूक तपासणाऱ्या इथरियल या प्रोग्रॅमचं २००६ मध्ये वायरशार्क झालं, तेही जुन्या नावाचे हक्क हाती नव्हते म्हणून. तरी प्रकल्प टिकला, कारण मुख्य काम करणारी मंडळी सोबत आली. माझ्या मते खरी कसोटी हीच आहे. सहकाऱ्यांना विचारल्याशिवाय नाव जाहीर करू नका.

बदलायचंच असेल तर १.० आवृत्तीच्या, म्हणजे पहिल्या स्थिर आवृत्तीच्या, आधी उरका. आणि जुनं पॅकेज अजिबात सोडून देऊ नका. ते नाव मोकळं झालं तर कुणीही त्यात घातक कोड टाकू शकतो. गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) जुना पत्ता नव्याकडे वळतो खरा, पण त्याच खात्यात जुन्या नावाची नवी रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडची जागा) काढलीत की ते वळणं बंद होतं.