वय झाल्यावर गायकांचा आवाज खरंच टिकतो, की आपण प्रेमापोटी तसं म्हणतो?

तुम्ही लिहिलंय की एका ज्येष्ठ गायिकेच्या कार्यक्रमाला वडिलांना घेऊन गेलात. वडील डोळे पुसत बाहेर पडले आणि तुम्हाला मात्र सगळा वेळ मूळ रेकॉर्ड आठवून वाईट वाटत राहिलं. बरोबर कोण, असं विचारलंय. मी गवई नाही. नोकरी सांभाळून तीसेक वर्षं पेटीची साथ करत आलोय, बहुतेक छोट्या बैठका, गणपतीतले कार्यक्रम, क्वचित एखादं मोठं नाव. पण या विषयात पेटीवाल्याला एक गोष्ट सगळ्यांच्या आधी कळते, म्हणून लिहितो.

सरळच सांगायचं तर आवाज कुणाचाच टिकत नाही. उतरत्या आवाजाला काहींना सांभाळून घेता येतं, काहींना येत नाही.

आम्हाला आधी कळतं ते असं. कार्यक्रमाच्या आधी आत पेटी उघडून बसलो की पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा (काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आम्ही नंबरने ओळखतो). “काळी चार ना?” “हो, नेहमीचीच... थांबा, आज पांढरी पाच घेऊ या. जरा सर्दी आहे.” पुढच्या वर्षी सर्दी नसते, पण पट्टी पांढरी पाचच असते. आणखी दोन वर्षांनी काळी तीन. दर वेळी एकेक घर खाली. स्केल चेंजर पेटी असली तर वरचा भाग एक घर सरकवायचा, बोटं नेहमीच्याच जागी पडतात आणि समोरच्या तीनशे माणसांना काही कळत नाही. याबद्दल बाहेर कुणी बोलायचं नसतं. डॉक्टरने पेशंटबद्दल बोलू नये, तसंच.

आता घशात काय होतं ते. स्वरतंतू म्हणजे तारा नव्हेत, ते स्नायू आहेत आणि त्यांच्यावर मऊ अस्तर असतं. वयाबरोबर दंड-मांड्या जशा बारीक होतात तसा हा स्नायूही बारीक होतो. दोन्ही तंतू पूर्ण मिटत नाहीत, मधे फट राहते आणि तिथून हवा निसटते. म्हाताऱ्या आवाजात जो ‘फुस्स’ ऐकू येतो तो हाच. अस्तराचा लवचिकपणा जातो, ओलावा कमी होतो, स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या कडक होतात. छातीचा भाता तेवढा फुलत नाही, म्हणून दमसास कमी. कंप रुंद आणि संथ होतो, म्हणजे ठेवलेला सूर डुलायला लागतो. गंमत अशी की बायकांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर खाली सरकतो, तर पुरुषांचा बोलण्याचा आवाज उतारवयात बहुधा थोडा वर जातो, पातळ होतो. आजोबा आणि आजी फोनवर सारखे वाटतात ते उगाच नाही.

रियाजाने हे थांबत नाही. लांबतं मात्र नक्की. रोज पहाटे खर्जात, म्हणजे अगदी खालच्या सुरांत, आवाज लावणाऱ्या माणसाचा तंतू साठीत जसा असेल तसा न गाणाऱ्याचा नसतो. पण ऐंशीव्या वर्षी पंचविशीतला तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा? तो रियाजाने मिळत नाही.

म्हणून खरा प्रश्न असा की सा कुठे ठेवायचा हे गाणाऱ्याच्या हातात आहे का. ख्याल गाणाऱ्याच्या हातात असतं. आपल्याकडे सा ठरलेला नाही. तुमच्या गळ्याला जिथे सोयीचा तिथे तानपुरा लावा, कुणी विचारणार नाही. तान कमी करा, आलाप वाढवा, तार सप्तकात जायच्या ऐवजी मंद्रात उतरा, तोही रागच असतो. सिनेमागीत गाणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. ते गाणं एका विशिष्ट वर्षी, एका विशिष्ट पट्टीत, साडेतीन मिनिटांत कायमचं गोठलेलं असतं आणि ऐकणाऱ्याच्या कानात तेच बसलेलं असतं. ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दोनदा दाबतो आणि गाणं दोन घरं खाली येतं. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटत राहतं. तुम्हाला जे वाटलं त्यात निम्मा वाटा या बटणाचा असू शकेल. ते दाबलं नसतं तर गायिकेला वर ताणावं लागलं असतं आणि ते ऐकवलं नसतं.

आशाबाईंचं (आशा भोसले) उदाहरण इथे फार शिकवणारं आहे. ‘उमराव जान’ आला 1981 साली. आशाबाईंचा जन्म 1933 चा, म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेली. खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. ती गाणी लावून बघा. आवाजाला जी खोली आहे ती आधीच्या क्लबातल्या गाण्यांत नाही. वयाने जे दिलं होतं ते संगीतकाराने ओळखलं. पुढे 1995 ला ‘रंगीला’मध्ये त्याच बाई बासष्टाव्या वर्षी विशीतल्या नायिकेसाठी गातात आणि ते खोटं वाटत नाही, कारण त्या गाण्यांत सगळं काम आहे ते श्वासाचं, शब्द फेकण्याचं आणि लयीचं. लांब ठेवलेले उंच सूर तिथे फारसे मागितलेलेच नाहीत.

लतादीदींच्या बाबतीत मी थोडा वेगळा बोलतो, आणि यावर लोक चिडतात. पन्नास-साठच्या दशकांत त्यांच्या आवाजाची ताकदच तार सप्तकात होती आणि संगीतकारांनी चाली तशाच उंच बांधल्या. 2004 चा ‘वीर-झारा’ ऐकताना, त्या तेव्हा पंचाहत्तरीत होत्या, सूर जागच्या जागी आहे हे आजही थक्क करतं. पण वरच्या जागांवर आवाज कागदासारखा पातळ झालाय हेही ऐकू येतं. हे म्हटल्याने भक्ती कमी होत नाही. त्यांना खाली आणणारा संगीतकार त्या वयात भेटायला हवा होता, एवढंच माझं म्हणणं.

शास्त्रीयात दोन टोकं आहेत. एका टोकाला केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या. 1963-64 च्या सुमारास आवाज आपल्या मनासारखा राहिला नाही असं वाटताच त्यांनी जाहीर गाणं बंद केलं. त्या वारल्या 1977 ला. मधली तेरा-चौदा वर्षं मैफल नाही. त्यांची शिस्त मला समजते, पण जयपूर-अत्रौली घराण्याचं ते गाणं आणखी थोडं, जरा उतरलेल्या आवाजात का होईना, मिळालं असतं तर मी तरी नाक मुरडलं नसतं.

दुसऱ्या टोकाला त्याच घराण्याचे मल्लिकार्जुन मन्सूर. जन्म 1910 चा आणि सगळीकडे नाव झालं ते साठीच्या आसपास. त्यांची ऐंशीच्या दशकातली ध्वनिमुद्रणं ऐका. आवाज गोल, गुळगुळीत अजिबात नाही, खरखर आहे, कडा निघालेल्या आहेत. पण एका वाक्यातून दुसरं निघतं, त्यातून तिसरं, श्वास नक्की कुठे घेतला ते पेटीवर बोट ठेवूनसुद्धा मला सापडत नाही. भाता लहान झाल्यावर हवा कशी वापरायची, याचा तो धडाच आहे.

गंगूबाई हनगलांची गोष्ट आणखी निराळी. 1930 च्या दशकातल्या त्यांच्या तबकड्यांवर बारीक, उंच आवाज आहे. पुढे घशावर शस्त्रक्रिया झाली आणि आवाज पार खाली गेला, पुरुषी, भरदार. इतर गायिकांना साठीत करावी लागते ती तडजोड त्यांना तरुणपणीच करावी लागली. मागे त्यांच्या कन्या कृष्णाबाई वरच्या जागा घ्यायला असत. गंगूबाई शेवटचं जाहीर गायल्या 2006 ला, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी.

मागे बसून गाणाऱ्या शिष्यांकडे या दृष्टीने कधी बघितलंय का? लोकांना वाटतं ते शिकायला बसलेत. शिकतात तर आहेतच, पण गुरूचा श्वास संपत आला की नेमक्या त्या क्षणी सूर उचलायचा आणि गुरू परत आत आला की आपण विरून जायचं, हे फार अवघड काम आहे. चांगला शिष्य सांधा दिसू देत नाही. शंभरी ओलांडूनही कोलकात्यात गात आणि शिकवत राहिलेले उस्ताद अब्दुल रशीद खाँ (2016 ला गेले तेव्हा एकशेसात वर्षांचे होते) यांना ऐकताना आवाजाचं वय ऐकू येतंच. पण बंदिशीचं वजन कुठे टाकायचं हे इतकं पक्कं असतं की थोड्या वेळाने आपण वय मोजायचं विसरतो.

आता माझ्या जवळची एक गोष्ट. मिरजेच्या बाजूला एक बाई होत्या, मोठं नाव नव्हे, पण गाणं अस्सल. मी त्यांना वीस वर्षं साथ केली. या काळात त्या काळी चारवरून पांढरी चारला आल्या, म्हणजे दीड सूर खाली. पट्टी उतरवायचं त्यांना फारसं दुःख झालं नाही, दुःख झालं ते तानपुऱ्याचं. सा इतका खाली आणला की त्यांच्या तानपुऱ्याच्या तारा सैल पडायच्या, फडफडायच्या, जवारी (तारेचा घुमणारा झंकार) बोलेना. शेवटी तानपुरे बनवणाऱ्याकडे नेऊन जाड तारा चढवाव्या लागल्या आणि जवारी नव्याने काढून घ्यावी लागली. त्या दिवशी घरी आल्यावर तानपुऱ्याला गवसणी घालता घालता म्हणाल्या, “याचाही आवाज फुटला हो.” वयात येणाऱ्या मुलाचा फुटतो तसा.

एक्क्याऐंशीव्या वर्षी त्या एका घरगुती बैठकीत बिहाग गायल्या. चाळीसेक माणसं. अर्ध्या तासाने वर सरकत सरकत निषादावर, तार षड्जाच्या लगेच खालच्या सुरावर, आल्या आणि थांबल्या. निषाद ठेवला, सोडला, परत ठेवला. आता तार षड्ज येणार म्हणून सगळी खोली पुढे झुकलेली. मला माहीत होतं की तो आता त्यांच्याकडे नाही. म्हणून मी आपला मदतीला गेलो आणि पेटीवर हलकेच षड्ज दाबला. त्यांनी मान न वळवता फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. बोट उचललं मी. त्या निषादावरून सावकाश पंचमाला, गंधाराला उतरल्या.

चहाच्या वेळी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “तो सा मी लावणार नव्हतेच. पण त्या सगळ्यांना ऐकू येत होता. तुम्ही वाजवलात आणि घालवलात.”

तुमच्या वडिलांना परवा नक्की काय ऐकू आलं, ते एकदा त्यांना विचारून बघा.