लाव्हाच्या भरवशावर तारखा ठरवू नका

हवाईतल्या व्होल्कॅनो गावी पहिल्यांदाच जाताय, तर किमान दोन-तीन रात्री तिथेच मुक्काम करा. जवळच्या हिलो शहरातून दिवसात जाऊन येता येतं, पण पहाटेचं धुकं आणि झाडाएवढे उंच हापूउ नेचे हुकतात, आणि माझ्या मते निम्मी मजा तीच.

गावाजवळच्या किलाउएआ ज्वालामुखीचा उद्रेक डिसेंबर २०२४ पासून थांबत-थांबत चालू झाला. लाव्हाचं कारंजं काही तास उसळतं, मग कित्येक दिवस शांतता. त्यामुळे विमानाचं तिकीट काढताना लाव्हा गृहीत धरू नका. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा ताजा अहवाल रोज सकाळी बघा. ज्वालामुखीभोवतीचं राष्ट्रीय उद्यान रात्रीही उघडं असतं. कारंजं सुरू झालं की जेवण राहू द्या, टॉर्च घ्या आणि निघा.

गाव सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. हवाई म्हणून नुसते टी-शर्ट नेलेत तर कुडकुडाल. स्वेटर, रेनकोट हवाच. दमा असेल तर गंधकाच्या वायूची पातळी आधी तपासा, यात हयगय नको. आणि हो, जंगलात शिरण्यापूर्वी बुटांचा चिखल घासून काढा. तिथली ओहिया झाडं मारणारी बुरशी त्यातूनही पसरते.